ओट्यावरची वेल

मी एक जुने पास्ता लाटायचे यंत्र आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. मला ते जमणार नाही. माझ्या अंगावर सोनेरी रंग फासला आहे, आणि तो निघेपर्यंत मी चिडलेलेच राहणार आहे.

दोन चकचकीत रूळ, त्यांच्यातली फट कमी-जास्त करणारी खुंटी आणि एक सुटा दांडा, एवढाच माझा संसार. इटलीत स्वयंपाक शिकलेल्या एका आत्याने मला तिकडून आणले आणि आपल्या भाचीच्या ओटीत घातले. या भाचीला सगळे धाकटी म्हणत. तिचा थोरला भाऊ चित्रकार. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे कॅनव्हास, मागच्या खोलीत तिचा ओटा आणि ओट्यावर मी.

किती सुखाचे दिवस होते ते! धाकटी अंडी घालून मळलेल्या गोळ्याची पातळ पट्टी काढी. तिच्यावर पार्सलीची हिरवी पाने मांडी, वर दुसरी पट्टी पांघरवी आणि मला फिरवू लागे. माझ्या रुळांतून जाताना बोटाएवढे पान ताणून वीतभर होई. उजेडात धरले की त्याची शीर न् शीर दिसे. धाकटी गुणगुणे:

फिर गं सये फिर, नको करू घाई,
इवल्या माझ्या पानाची कर वेल बाई.

थोरला कॉफीचा पेला घेऊन दारात उभा राही. त्याला बरेच दिवस काही सुचत नव्हते. एकदा म्हणाला, "चिमे, एक पट्टी नेऊ?"

"ने की. पण उकळून खा, नाहीतर पोट धरून बसशील."

त्याने ती उकळली नाही. खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि समोर बसून रेखाटू लागला. मग भिंतीएवढ्या कॅनव्हासांवर तीच लांबट पाने उतरली. धाकटीने दारातून पाहिले आणि तिला आनंदच झाला. एवढेच म्हणाली, "दादा, खाली माझंही नाव घाल हं."

"घालतो गं, हे काय सांगणं झालं?"

घराच्या पुढच्याच खोलीत प्रदर्शन ठरले. 'माझी प्रेरणा' म्हणून त्याने मला उचलले, सोनेरी रंगाने माखले आणि एका चौथऱ्यावर स्क्रूने आवळून टाकले. समोर पाटी: हात लावू नये. अरे, हात लावण्यासाठीच तर माझा जन्म! दांडा मात्र तो ओट्यावरच विसरला. पाहुण्यांचा सगळा पास्ता धाकटीने लाटण्याने लाटला.

पाहुणे आले. चित्रांखाली एकट्या थोरल्याचे नाव होते. दोघांना लहानपणी चित्रकला शिकवणाऱ्या बाई प्रत्येक चित्रापाशी थबकत होत्या.

"पानं अशी लांबवायची कुठून सुचली रे तुला?"

"स्वप्नात दिसली, बाई."

धाकटी ताटल्या घेऊन मागेच उभी होती. तिने भिंतीवरचे प्रदर्शनाचे नाव वाचले. 'वेल'. पाने गेली होती, आता गाणेही गेले होते. तिने ताटल्या खाली ठेवल्या, मागे गेली आणि दांडा व ओल्या फडक्यात झाकलेली, पाने घातलेली पट्टी घेऊन आली.

"चिमे, नंतर बोलू ना. लोक बघताहेत."

"म्हणून तर आणलाय दांडा."

तिने दांडा बसवला, पट्टी रुळांत धरली आणि जोर लावला. रंगाने माझे रूळ चिकटले होते. मी सगळा संताप पोटात एकवटला आणि असे काही करकरले की साऱ्या माना वळल्या. एक गृहस्थ टाळ्या वाजवू लागले. "वा! हाही कलाप्रयोगच!"

"प्रयोग नाही, काका. रोजचं काम आहे."

पट्टी बाहेर आली. तिच्यावर सोनेरी कपचे होते, पण पान लांब, अगदी वीतभर. धाकटीने ती चित्राशेजारी धरली. तोच बाक, त्याच शिरा.

बाईंनी चष्मा पुसून दोन्हींकडे पाहिले. "याला काय म्हणतेस तू?"

"वेल."

थोरला पुटपुटला, "मी तिचं नाव घालणारच होतो..."

"कधी?" बाई म्हणाल्या. "पुढच्या स्वप्नात?"

धाकटीने लोण्याच्या सुरीने माझे स्क्रू काढले आणि मला कडेवर घेऊन ओट्यावर परत आणले. रोज दुपारी ती ब्रशने माझे रूळ घासते. रंग आतवर गेला आहे. माझ्यातून निघालेली पट्टी अजून खाण्याजोगी नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे सांगायची रीत आहे, म्हणून सांगते: मला पाण्यात बुडवू नका, रंगवू तर नकाच. पण त्याआधी एक करा. कुणी म्हणाले, हे मला स्वप्नात दिसले, तर लगेच माना डोलावू नका. विचारा त्याला, झोपला होतास कुणाच्या ओट्याशेजारी?