पाठीमागची उडी

‘तुम्ही सुरू करा गं. माझं अंग खेळता खेळता तापतं.’

मोठ्या बहिणीचा हा आवाज हॉलचं कुलूप काढलं की धाकटीच्या कानाशी यायचा. केसांना रबर लावत, हसत, उशिरा आलेल्या मुलीचा आवाज. त्या दिवशी बहीण तशीच, गार अंगानं, जाळीपाशी गेली. चेंडू मारायला उंच उडाली आणि उतरताना तिचा उजवा गुडघा आत वळला. धप्प. त्यानंतरची किंकाळी धाकटीला आठवत नसे. आठवे ती फक्त ती धप्प.

बहीण आता चारचौघींसारखी संसारात होती, जिन्यावर कठडा धरून चढायची. पण सतरा वर्षांची ती मात्र हॉलमध्येच राहून गेली होती. धाकटी मुलींना व्हॉलीबॉल शिकवू लागली, तेव्हा ती तिथे वाटच पाहत होती म्हणा ना.

म्हणून धाकटीचा, म्हणजे मुलींच्या बाईंचा, नियम कडक. अंग तापवल्याशिवाय चेंडूला हात लावायचा नाही. आधी हळू धावायचं, मग उठाबशा, एका पायावर तोल, आणि शेवटी उड्या. उड्यांना बाईंनी स्वतःच ओव्या रचल्या होत्या, मुली त्या ठेक्यात म्हणत:

उंच गं उडू बाई, वाऱ्याच्या पाठीवर
अलगद येऊ बाई, मऊशा भुईवर
पाऊल वाजू नये, गुडघा वाकू दे
आत नको वळू बाई, पुढे पाहू दे

उड्या सुरू झाल्या की बाई पाठ फिरवून उभ्या राहत. कान तयार होतो, असं त्या सांगत. जिचं पाऊल वाजेल तिला न बघता नावानिशी टोकत. मुलींना त्याचं भारी कौतुक. खरं कारण एवढंच होतं, की पोरगी हवेतून खाली येताना बाईंना बघवत नसे.

अलीकडे त्या उड्यांमध्ये एक जास्तीची धप्प येऊ लागली होती. जड, एकांगी. बाई मान वळवत नसत. ‘आलीस का,’ असं मनातल्या मनात म्हणत आणि ठेका पुढे नेत. जिवंत माणसाचं भूत घरात सांगणार तरी कसं? आणि सांगणार कुणाला, तर जिचं भूत, तिलाच?

त्याच बहिणीची लेक या संघात होती. मुलीला आणून सोडताना बहीण हॉलच्या दारातूनच परतली होती. उडायला कुणीही शिकवतं, तू हिला उतरायला शिकव, एवढंच म्हणाली होती.

आज अंतिम सामना. समोरचा संघ बाहेर येऊन बसला होता. मुलींनी ओवी धरली, बाईंनी पाठ फिरवली. भिंतीवर खिडक्यांचं ऊन हलत होतं. दुसऱ्या ओळीला ती आलीच. धप्प.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

“कोण गं ती, तांदळाचं पोतं टाकतेय?” मागून संघातली सगळ्यात बडबडी मुलगी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

इतके दिवस तो आवाज आपला एकटीचा, असं त्या धरून चालल्या होत्या.

“तुम्हालाही ऐकू येतो?” त्यांनी विचारलं.

हसणं बंद पडलं. बाई उड्यांच्या वेळी पहिल्यांदाच वळल्या आणि म्हणाल्या, पुन्हा उडा.

मुली उडाल्या. सगळ्या पाखरांसारख्या उतरल्या; भाची तेवढी डाव्या पायावर आदळली. उजवा नुसता टेकला, आणि टेकता टेकता त्याचा गुडघा आत गेला.

बाईंना वाटलं, आत्ता परत पाठ फिरवावी. सामना जिंकायचा तर हीच मुलगी हवी होती. एवढा एक सामना, मग बघू, हे मनात येऊन गेलंच. पण पाय चालू लागले होते. भाचीसमोर त्या खाली बसल्या, गुडघ्यावर तळहात ठेवला. कढत होता. दोन्ही बाजूंचे खळगे सुजेनं भरून आलेले.

“बूट सैल झालाय, मावशी,” भाची म्हणाली.

“दुखतंय का, ते मी विचारत नाही. कधीपासून, ते सांग.”

बाहेर शिट्टी वाजली. मुली एकमेकींकडे बघत होत्या. बडबडीनं पाण्याची बाटली पुढे केली, ती कुणी घेतली नाही. भाचीनं दाराकडे पाहिलं, मग मावशीच्या हाताकडे. तो हात अजून तसाच होता.

“सुट्टीत सायकलवरून पडले होते, तेव्हापासून,” ती म्हणाली. “उतरताना गुडघा निसटतो. आईला कळलं असतं तर तिनं पुन्हा पाठवलंच नसतं. आणि तू कधी वळून बघत नाहीस, मावशी... म्हणून मी लपवू शकले.”