पायांचं तिकीट

कंडक्टरबाईने चप्पल काढली. पायावर पट्ट्यांच्या खुणा तशाच राहिल्या.

टेबलावर डॉक्टरबाईंची पाण्याची बाटली. दुपार उलटून गेली तरी काठोकाठ भरलेली.

तिची एसटी लांब पल्ल्याची. मध्ये थांबे पुष्कळ, आडोसा एकही नाही.

पायांची सूज बघून ड्रायव्हर म्हणतो, ताई, आता पायांचं वेगळं तिकीट फाडा.

पांढरी, चपटी गोळी. रोज सकाळी, खाऊन झाल्यावर.

डॉक्टरबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खळगा भरून यायला वेळ लागला. परक्या कुणाच्या पायाकडे बघावं तशी कंडक्टरबाई त्या खळग्याकडे बघत राहिली. हृदय थोडं कमजोर आहे, गोळीने अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे उतरेल, असं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मागच्या खेपेला गोळी वाढवली. पाणी काही उतरत नव्हतं.

“गोळी रोज घेता ना, मावशी?”

“घेते की.”

डॉक्टरबाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. गोळी वाढवूनही सूज हटत नाही, म्हणजे मोठ्या दवाखान्यात भरती व्हावं लागेल, असं त्या लिहिता लिहिता समजावू लागल्या. कंडक्टरबाईने ड्युटीचं विचारलं. ते तिथले डॉक्टर लिहून देतील, असं उत्तर आलं.

काय लिहून देतात ते तिला ठाऊक होतं. आगारातल्या एका कंडक्टरला असंच ‘हलकं काम’ लिहून दिलं होतं. तेव्हापासून तो चौकशीच्या खिडकीत माश्या मारत बसतो. सुटणाऱ्या गाडीकडे बघतसुद्धा नाही. तिने पाय चपलेत सरकवले, पुन्हा बाहेर काढले.

डॉक्टरबाईंचा हात बाटलीकडे गेला. झाकण अर्धवट फिरवून त्यांनी ते परत घट्ट लावलं. पेन खाली ठेवलं.

“मावशी, ड्युटीवर असताना लघवीला कुठे जाता?”

कंडक्टरबाईने दाराकडे पाहिलं. बाहेर रांग होती.

“जात नाही,” ती हळूच म्हणाली.

“आणि गोळी?”

“सुट्टीच्या दिवशी घेते. आणि इथे यायच्या आदल्या दिवशी.”

मग सगळंच बाहेर आलं. गोळी सुरू केली त्या दिवशी गाडी निम्म्या वाटेवर पोचली आणि तिला धीर धरवेना. ड्रायव्हरने शेताकडेला गाडी थांबवली. लोकांना काय सांगायचं म्हणून खाली उतरून टायर बघायचं सोंग केलं. बिचाऱ्याचे सहाच्या सहा टायर बघून झाले. ती गाडीत परत चढली तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली. त्यानंतर उरलेली तिकिटं तिने मान वर न करता फाडली.

“तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही.”

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिची छाती आणि पाठ पुन्हा तपासली. आडवं झोपल्यावर दम लागतो का, रात्री उठून बसावं लागतं का, हे विचारलं. तसं काही नव्हतं. ड्युटी कधी संपते, हेही विचारलं. पहाटेची गाडी, दुपारी मोकळी. मग त्यांनी अर्धी लिहिलेली चिठ्ठी फाडून टाकली, गोळी पहिल्यासारखी कमी केली आणि घरी पोचल्यावर लगेच घ्यायला सांगितली, रोज, सुट्टीच्या दिवशीही. आठवड्याने दाखवायचं. दम लागला तर त्याच पावली यायचं.

“म्हणजे सकाळी घ्यायची नाही?”

“सकाळीच घ्या असं कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

“हो,” डॉक्टरबाई हसल्या, “मीच.”

आठवड्याने तिने चप्पल काढली तेव्हा खुणा पुसट होत्या. अंगठा उचलला, खळगा लगेच भरला. तिने स्वतः पुन्हा एकदा दाबून पाहिलं, मग दुसऱ्या पायावरही. ड्रायव्हरने पायांचं तिकीट रद्द केल्याचं तिने सांगितलं. डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या, तशी रांगेतली एक म्हातारी आत डोकावून गेली.

निघताना ती टेबलापाशी थांबली.

“बाई, तुम्हीपण पाणी प्या की. बाटली भरलेलीच दिसते दर खेपेला.”

“पिते,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आरोग्य केंद्रातल्या बायकांच्या संडासाला गेल्या उन्हाळ्यापासून कडी नव्हती.