पहाऱ्यात मागितलेला पासवर्ड

साखऱ्यात सप्ताहाचा चौथा दिवस उजाडला, तरी बनाबाईच्या कपाळावरची आठी काही मोडेना. देवापुढं असल्या तोंडानं बसू नये, हे तिला कळत होतं. एरवी महाराजांनी अभंगाचं पहिलं चरण घेतलं की हिच्या डोळ्यांना धार लागायची. पण काल महाराज गजेंद्राच्या पायाला मगर कशी झोंबली ते रंगून सांगत होते, सारा मांडव मान डोलवत होता, आणि बनाबाईला दिसत होता तो घरातला कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर मधल्या खोलीत होता. त्याच्यावर तिनंच जुन्या लुगड्याचं झाकण शिवून घातलं होतं. दोन वर्षांखाली सहा शेळ्या विकून तो घरात आला. त्या शेळ्या राखल्या कुणी? लेकीनं, दिपालीनं. कॉलेजातून आली की पोरगी भाकर हातात घेऊनच बाभळीचा पाला तोडायला निघायची. नारळ फोडताना तिच्या नवऱ्यानं, संपतरावांनी चारचौघांत सांगितलं होतं, "हा समद्या घराचा हाय." तेव्हा परमेश्वरनंही मान हलवली होती.

परमेश्वर थोरला लेक, शिरड शहापूरकडं मास्तर. गेल्या दिवाळीत कॉम्प्युटर बिघडला. परमेश्वर म्हणाला, व्हायरस आला. दिपालीनं क्लासमधून सीडी आणली, तिच्यातूनच आला. त्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं आणि मग कुलूप घातलं. एक नाव स्वतःचं, त्याला पासवर्ड. दुसरं नाव काढलं 'घरचे', ते बाकीच्यांना. 'घरचे' मधून फोटो बघावेत, पत्ते खेळावेत, गाणी ऐकावीत. नवीन काही टाकायला गेलं की चौकट उमटायची: परवानगी नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा.

"हा कोण बाई?" बनाबाईनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"दादा," दिपाली म्हणाली.

आता खरं काय ते बनाबाईला ठाऊक होतं. दिवाळीच्या पाडव्याला परमेश्वरचा दोस्त कनेरगाव नाक्याहून मोटारींच्या शर्यतीची सीडी घेऊन आला होता. दोघं दिवसभर बटणं बडवत बसले. त्यांना चहा हिनंच नेऊन दिला, तोही तीनदा. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद. दिपालीच्या सीडीला तर तोवर महिना होऊन गेला होता. बनाबाईनं ते तेव्हाच सांगितलं, तर लेक हसला. "माय, तुला त्यातलं काय कळतं?"

कळत नव्हतंच. पण चोर एक आणि कुलूप दुसऱ्याच्या तोंडाला, एवढं कळायला कॉम्प्युटर कशाला लागतो?

आणि आता गोष्ट अशी झाली होती, की येत्या सोमवारी हिंगोलीत दिपालीची मराठी टायपिंगची परीक्षा होती. लिपिकाची जागा. मिनिटाला तीस शब्द. पोरगी शिकली होती खटखट वाजणाऱ्या मशीनवर, परीक्षा होती कॉम्प्युटरवर. क्लासच्या सरांनी सरावाची सीडी दिली होती, मराठी अक्षरंही त्यातच. ती टाकल्याशिवाय एक शब्द उमटत नव्हता. लाईट असायची दुपारी बारा ते चार, दिवसा तेवढीच. परमेश्वर सप्ताहासाठी रजा घेऊन घरीच होता, म्हणून दिपालीनं सोमवारीच त्याला विचारलं.

"सप्ताह होऊ दे, मग बघू," तो म्हणाला.

सप्ताह संपणार रविवारी. मग बघून काय करायचं होतं, परीक्षेचं लोणचं? मंगळवारी पुन्हा विचारलं, तर "परत व्हायरस आला तर माझ्या प्रश्नपत्रिका जातील." बुधवारी विचारलं, तर नुसतीच मोटारसायकलला किक. तीन दुपारच्या तीन लाईटी पोरगी वहीवर बोटं आपटत बसली. ते आपटणं बनाबाईच्या काळजात आपटत होतं.

गुरुवारी परमेश्वरचा वीणेचा पहारा होता दहा ते बारा. बारा वाजता वडलांच्या हाती वीणा दिली की तो जीप घेऊन तसाच आजच्या कीर्तनाच्या महाराजांना आणायला सेनगावला जाणार, ते सांजच्यालाच परतणार. म्हणजे आजचीही लाईट गेली.

पावणेबाराला बनाबाईनं पदर खोचला. "चल गं दिपा."

"कुठं?"

"देवाच्या दारात."

मंदिरात बायाबापड्या टाळ्या वाजवत नाम घेत होत्या. मधोमध परमेश्वर, गळ्यात वीणा, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत "विठ्ठल विठ्ठल" म्हणत होता. खांबाला कागद चिकटवलेला होता. नियम. वीणा खाली टेकू नये. दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय जागा सोडू नये. वीणेकऱ्याने प्रपंचाचे बोलू नये. कागद परमेश्वरनंच घरी टाईप करून आणला होता. त्याच्या नावाखाली मराठी अक्षरं होती, 'घरचे' मध्ये नव्हती.

बनाबाई देवाच्या पायाशी वाकली. देवा, तुझ्या दारात भांडणाचं बोलून राहिले, माफी कर. पण दुसरीकडं हा मला बोलू देत न्हाई. मग ती उठून लेकासमोर उभी राहिली.

"परमेश्वरा, तुला बोलायचं न्हाई. मला हाय."

तो थबकला. "विठ्ठल," म्हणाला.

"तीन दिवस पोरगी तुझ्या मागं फिरून राहिली. काहून? तिनं काय तुझा वाटा मागितला? शेळ्या तिनं राखल्या, अन् तिलाच तू परवानगी नाही म्हणतो? ती नाक्यावरची मोटारींची सीडी कुणी घातली होती? चहा मी दिला की रे तुमाला. तीनदा."

बायांतल्या पद्माबाईच्या टाळ्या थांबल्या. "आज कीर्तन दुपारीच लागलं व्हय, बनाबाई?"

"लागलं. बस ऐकत."

परमेश्वरचं तोंड उघडलं. खांबावरच्या कागदाकडं त्याची नजर गेली, आणि तोंडातून पुन्हा "विठ्ठल" एवढंच बाहेर पडलं, जरा दात आवळून.

"आता तुझा बाप वीणा घ्यायला येईल," बनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तू त्याच्या पाया पडशील. तो तुझ्या पाया पडंल. साठीचा माणूस, लेकाच्या पाया पडतो. काहून? वीणा कुणा एकाची न्हाई म्हणून. कालच्याला हरिचंदानं घेतली, त्याला अक्षर वाचता येत न्हाई. कुणी म्हणालं का त्याला, तुला काय कळतं, वीणा मोडशील? अन् घरात तू तेच बहिणीला म्हणतो. मग हितं उभा राहून कुणाचं नाव घेतो रं तू?"

संपतराव पाय धुऊन दारातच उभे होते. ते कमी बोलणारे. भांडण लागलं की गोठ्याकडं जाणारे. आज ते सरळ लेकासमोर आले. बारा वाजले होते. परमेश्वरनं वीणा गळ्यातून काढायला हात वर नेले. संपतरावांनी मात्र हात पुढं केले नाहीत.

"दिपाची सीडी टाकून मगच सेनगावला जायाचं," ते म्हणाले. "व्हय का न्हाई, मान हलव."

सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या. वीणा दोघांच्या मध्ये अधांतरी. खाली ठेवता येत नाही, सोडून जाता येत नाही. परमेश्वरचे कान लाल झाले होते. त्यानं आईकडं बघितलं, मग भिंतीशी चिकटून उभ्या बहिणीकडं. तिच्या हातात ती सीडी होती, पदरात धरावं तसं ओढणीत गुंडाळलेली. त्यानं मान हलवली.

बापानं लेकाच्या पायाला हात लावला, लेकानं बापाच्या. वीणा पलीकडं गेली, नाम पुन्हा चालू झालं.

घरी पोचेस्तोवर लाईट आली होती. परमेश्वर खुर्चीवर बसला आणि डावा तळवा आडवा धरून पासवर्ड मारू लागला.

"लोकांपुढं काढायची काही गरज नव्हती, माय."

"घरात तीन दिवस काढलं, तू ऐकलं न्हाई."

सीडी फिरली. या वेळी चौकट उमटली नाही. तो उठायला लागला, तशी बनाबाई दारात आडवी झाली. "आज टाकलं. उद्या काही लागलं तर पुन्हा सप्ताहाची वाट बघायची का? तिलाबी तुझ्यासारखं कर."

"दोघांकडं पासवर्ड असला तर..."

"तर काय होईल?"

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. तो पुन्हा बसला. दिपालीच्या नावानं नवी जागा केली, तिलाही सगळी परवानगी दिली, आणि खुर्ची सोडली. "घे, तुझा पासवर्ड टाक."

दिपाली बसली. बोटं ठेवली, आणि थांबली. "दादा, तिकडं तोंड कर."

परमेश्वरनं मास्तरकीची पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघत उभा राहिला.

जीप गेली. पोरगी जेवलीसुद्धा नाही. पहिल्या खेपेला मिनिटाला सतरा शब्द आले, दुसऱ्याला अठरा, तिसऱ्याला पुन्हा सतरा. बनाबाई उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. राग अजून गेला नव्हता. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दुपारी. त्या कुणी परत देणार नव्हतं, परमेश्वरही नाही, पांडुरंगही नाही.

चार वाजता लाईट गेली. पडदा काळा झाला.

"किती?" बनाबाईनं विचारलं.

"तेवीस."

"शुक्कर, शनिवार, रविवार," बनाबाई म्हणाली. "ऊठ, जेवून घे. सप्ताहाची पंगत मी वाढते, तू उद्या बाराला हितंच बस."