हेस्टर चोर नव्हती

अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या त्या अरुंद गल्लीत दिवसातून सात वेळा पर्यटकांची खेचरगाडी थांबायची आणि दर खेपेला अल्फ्रीडाची आजी चोर ठरायची.

"याच ओसरीत फास घेतला तिनं," गाडीवान ट्रिप सांगायचा. "मालकाचे चांदीचे चमचे चोरले होते. आणि बघा, आमच्याकडं ओसरीचं दार उघडं असलं की समजायचं, पाहुण्यांनी यावं. हे दार मात्र कधीच उघडं नसतं."

अल्फ्रीडा आतून ऐकायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आजी हेस्टरनं चाळीस वर्षं लोकांच्या चुली फुंकून हे घर घेतलं होतं. एक्याण्णवाव्या वर्षी ती याच घरात, स्वतःच्या पलंगावर गेली. दोन वर्षं हेच चाललं होतं. अल्फ्रीडानं ट्रिपला दोनदा समजावलं होतं. तो हसून म्हणाला होता, "मिस अल्फ्रीडा, भुताशिवाय लोक ऐकत नाहीत हो."

मंगळवारी दुपारी गाडी आली तेव्हा दार सताड उघडं होतं.

उघडं दार म्हणजे बोलावणं, हे प्रवाशांनी ट्रिपकडूनच ऐकलेलं. दहाच्या दहा जण हौसेनं ओसरीत शिरले. अल्फ्रीडानं त्यांच्यामागं दार लावलं, कडी घातली आणि ती खिडकीशी आली.

"दार उघडा, मिस अल्फ्रीडा. मागं दुसरी गाडी अडलीय," ट्रिप गाडीवरून म्हणाला.

"येऊ दे. तूच ये ना आत."

"खेचर सोडून उतरायची आम्हाला परवानगी नाही, तुम्हाला माहितेय."

"माहितेय म्हणूनच बोलावतेय. आता तिथूनच म्हण. हेस्टर चोर नव्हती."

ट्रिप कसंबसं पुटपुटला.

"मोठ्यानं. चोर म्हणताना बरा कंठ फुटतो तुला."

मागचा गाडीवान शिव्या घालू लागला. ट्रिपचे कान लाल झाले. "हेस्टर चोर नव्हती," तो ओरडला. "फासही घेतला नाही. मी थापा मारल्या."

गल्लीभर ऐकू गेलं. अल्फ्रीडानं दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि कडी काढली.

तेवढ्यात ओसरीत टाळ्या पडल्या. पाहुणे खूश होते. एक बाई तिचा हात दाबत म्हणाली, "काय सुरेख वठवलंत हो तुम्ही दोघांनी. रोज असतं का हे?"

अल्फ्रीडानं हात सोडवून घेतला. बाई उंबऱ्याबाहेर पडताना वर आढ्याकडं बघत होती, दोर कुठं बांधला असेल ते शोधत.