वेगळं ताट

खारघरच्या आमच्या कॉलेजात मी मेजर अर्थशास्त्र घेतलं आणि मायनर ‘शांतता व संघर्ष’. कारण एकच, त्याचं एकही लेक्चर शनिवारी नसतं. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू; शनिवार आमचा शब्बाथ, सक्तीच्या विश्रांतीचा दिवस. शनिवारी कॉलेजला निघालं की घरातच वाद पेटतो. पुढे कळलं, विषय भलताच छान आहे. थोडं राज्यशास्त्र, थोडं मानसशास्त्र, थोडा इतिहास आणि भरपूर गप्पा.

या सत्रात वल्लरी मॅडमनी प्रकल्प दिला. ओळखीतलं एक भांडण निवडायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं. प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू सांगायची आणि ‘हो, माझं म्हणणं हेच’ असं दुसऱ्याला पटलं, तरच त्याने सही करायची. सह्या नाहीत तर गुण नाहीत.

मला लांब जावं लागलं नाही. माझे आजोबा इनॉक आणि पनवेलचे हार्डवेअरवाले मुबारकचाचा, चाळीस वर्षांची दोस्ती. रोज संध्याकाळी वडाळे तलावाला दोघांची फेरी ठरलेली. तीन वर्षांपूर्वी अविटलआत्याच्या लग्नात बिनसलं ते बिनसलंच. तेव्हापासून आजोबा गॅलरीत येरझाऱ्या घालतात आणि गुडघा दुखतो म्हणतात. गुडघा ठणठणीत आहे. गुण गेले खड्ड्यात, मला तलावावर जाणारे आजोबा परत हवे होते.

पण हे त्यांना कसं सांगणार? ‘तुमची केरेन नापास होईल’ एवढंच मी दोघांना सांगितलं. दोघेही कुरकुरत तयार झाले. मी आधी दोघांकडून वेगवेगळं ऐकून लिहून घेतलं आणि एकमेकांचे कागद त्यांना वाचायला दिले. मग चाचांच्या दुकानात, खिळ्यांच्या खोक्यांमध्ये, दोन स्टुलांवर दोघांना बसवलं. एकमेकांकडे बघतील तर शपथ.

चाचांनी सुरुवात केली. “याचं म्हणणं, मी हजहून नुकताच आलो होतो. याला वाटलं, आता मी फक्त हलालच खाणार, यांच्या पद्धतीने कापलेली कोंबडी मला चालणार नाही. म्हणून लग्नात माझ्यासाठी मुद्दाम वेगळं ताट. वरण-भात, बटाट्याची भाजी. आणि मी हात न लावता उठून गेलो.”

“बरोबर,” आजोबा म्हणाले. “आचाऱ्याच्या मागे लागून करवून घेतलं होतं.” त्यांनी झोकात सही केली.

आता आजोबांची पाळी. “मुबारक म्हणतो, इतकी वर्षं आमच्या घरी जेवला, आणि लग्नात मी त्याला आजाऱ्याचं जेवण वाढलं.”

“नाही,” चाचा म्हणाले. “पुन्हा सांग.”

“चारचौघांत त्याची इज्जत गेली.”

“तेही नाही. केरेनला सांगितलं नाही ते आता ऐक. इज्जतीचं मी बघून घेतलं असतं. तू मला विचारलं का नाहीस? एक फोन करायचा. अरे, मला विचारल्याशिवाय तू कधी चप्पलसुद्धा घेतली नाहीस.”

आजोबा आता स्वतःचंच सांगायला निघाले. त्यांनी फक्त चाचांची बाजू सांगायची, स्वतःची नाही, असा मॅडमचा नियम. तो मी सांगणारच होते, पण त्यांचा चेहरा बघून जीभ आवरली.

“विचारलं असतं आणि तू नाही म्हणाला असतास तर?” आजोबा खाली बघत म्हणाले. “मग मी काय केलं असतं, मुबारक?”

इतकी साधी भीती, आणि तिच्यापायी तीन वर्षं फुकट घालवली म्हाताऱ्यांनी.

“मग आता विचार,” चाचा म्हणाले.

आजोबांनी रुमालाने कपाळ पुसलं. “आमच्याकडची कोंबडी खाशील ना रे?”

सहीसाठी हातात घेतलेलं पेन चाचांनी खोक्यावर ठेवून दिलं.

“कधी येऊ?”