चौथं कलम

पद्मजा तारे तिसऱ्यांदा दारव्ह्याला आली तेव्हा आमदार रामराव घरी सापडले. आधीच्या दोन खेपांना ते 'आत्ताच बाहेर गेले' होते, आणि दोन्ही वेळा त्यांच्या वहाणा तिला पायरीशी दिसल्या होत्या. आज मात्र त्यांनी तिला मुद्दाम बसवून घेतलं, तेही ओसरीवरच्या दहा-पंधरा माणसांसमोर.

साल १९६३. नागपूरचं अधिवेशन पंधरा दिवसांवर आलं होतं. सबंध यवतमाळ जिल्ह्यात मुंबईहून शिकून आलेली आर्किटेक्ट ती एकटीच. वकिलाची मुलगी, वय तीस. आर्किटेक्टांसाठी कायदा करा, शिकलेल्यांची सरकारी नोंद ठेवा, असं निवेदन नागपूरच्या आर्किटेक्ट मंडळींनी तयार केलं होतं. इथल्या आमदारांना ते पटवायचं काम तिच्याकडे आलं होतं.

रामरावांनी कागद उघडलासुद्धा नाही. "आर्किटेक्ट मंजे काय करते, बाई? वास्तुशांत?"

ओसरी हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला लखीराम ठेकेदार.

"वास्तुशांतीपर्यंत वास्तू टिकते का, ते बघते," पद्मजा म्हणाली. "तांड्यावरची शाळा बघून आले मी. दोन वर्षांत भिंतीत हात जाईल एवढी भेग. पोरं बाभळीखाली बसतात."

लखीरामचं हसू आटलं. शाळा त्यानंच बांधली होती. "काळी जमीन हाये. भेगा पडतेतच. त्याले मी काय करू?"

"थांबा," रामराव म्हणाले. "धावजीले बोलवा."

धावजी त्याच तांड्यावरचा गवंडी. मागच्या अंगणात रामरावांच्या कुंपणाची भिंत बांधत होता. चुन्यानं माखलेल्या हातांनीच तो आला.

"धावजी, ह्या बाई कायदा आणून राह्यल्या. त्यायच्या सहीबिगर तुले वीट ठेवता येणार नाही."

धावजीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीस वर्सं झाली मले बांधता बांधता. ह्या तवा पाळण्यात असतीन. आता मी चोर झालो काय?"

"तुम्हाला कोण चोर म्हणतंय?" पद्मजा म्हणाली. "एवढंच सांगा, शाळेचा पाया किती खोल घेतला होता?"

धावजीनं एकदा लखीरामकडे पाहिलं. "दोन फूट. मुरूम लागते सहा फुटावर. मी सांगतलं होतं, मुरमापर्यंत न्या. शेठ म्हणे, बस कर."

"तोंड सांभाळ!" लखीराम ताडकन उठला.

पद्मजाला वाटलं, जिंकलं. "ऐकलंत, रामरावजी? नकाशावर सही करणारं, जाब देणारं माणूस असतं तर..."

"माहं झालं नाही अजून," धावजीनं तिला तोडलं. "तुमचा कायदा धरीन कोणाले? शेठले का मले? वाचून दाखवा."

तिनं पानं उलटली. चौथं कलम. नोंद नसलेल्या इसमानं इमारतीचा आराखडा ठरवल्यास किंवा बांधकाम केल्यास तो शिक्षेस पात्र राहील. नागपूरच्या बैठकीत तिनं या कलमाच्या बाजूनं हात वर केला होता. इथं ते मोठ्यानं वाचताना तिचा आवाज खाली खाली गेला.

"मंजे मलेच," धावजी म्हणाला आणि भिंतीकडे निघून गेला.

पद्मजानं पेन काढलं आणि कलमावर आडवी रेघ मारली.

"हे नागपूरवाल्यायचं निवेदन," रामराव कडाडले. "तुम्ही कोण खोडनाऱ्या? माह्या ओसरीवर बसून माह्या मानसायवर ठपका ठेवता! उठा."

नागपूरला तर तिची अधिकच हजेरी घेतली गेली. तिथले ज्येष्ठ नीळकंठराव म्हणाले, "एका गवंड्याच्या रागापायी कलम खोडलंत? गवंडी वगळला की कायद्यात उरतं काय?"

"लखीराम उरतो."

"उद्या प्रत्येक लखीराम गवंड्याला पुढे करून बांधेल. तेव्हा काय कराल?"

मंडळींनी निवेदन पुन्हा टाइप करून घेतलं, चौथ्या कलमासकट आणि तिच्या नावाशिवाय. सभागृहात रामराव त्यावर तुटून पडले. शिकलेले लोक गरीब गवंड्यांच्या पोटावर पाय देत आहेत, म्हणाले. बाकं वाजली. मागणी बारगळली. त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या वाचनालयाचे तिचे नकाशे परत आले. काम लखीरामच्या ओव्हरसियरला गेलं होतं.

मग तिनं स्वतःच मसुदा लिहिला. फक्त सरकारी इमारती. पाया किती खोल, हे ज्यानं ठरवलं त्याची सही. गवंड्यानं हरकत घेतली तर ती लिहून ठेवायची. धावजीची सही घ्यायला ती तांड्यावर गेली. त्याच्या बायकोनं, मानीबाईनं, पाणी दिलं.

"सही येते मले," धावजी म्हणाला, "पण देत नाही. त्या दिसापासून शेठनं माहं काम बंद केलं. तुमचं काय, एक कागद गेला त दुसरा लिहान."

पद्मजानं मसुद्याची घडी घातली.

"पानी झालं ना पिऊन, बाई?" मानीबाईनं तिच्या हातातला पेला काढून घेतला. "आता जा."

ती एकट्या स्वतःच्या सहीनं सरकारकडे निवेदन टाकून मोकळी झाली. महिन्यानं सरकारी पोच आली. 'श्री. पद्मजा तारे, आपले निवेदन मिळाले.' बाकी काही नाही. तिनं ते पत्र दोनदा वाचलं, नवा कागद घेतला, आणि वर 'संदर्भ' लिहून त्या पत्राचा क्रमांक टाकला.