मामाची शेवटची काच

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. लिहायची मला सवय नाही. शाळा अर्धवट सोडली, पुढचं सगळं बघून बघून शिकलो, मोबाइल उघडणंसुद्धा. पण आज सकाळी बोका म्हणाला, "तोंडानं तू लई गोड बोलतोस, स्क्रू. तोंडाचं राहू दे. लिही." म्हणून दुकानात बसून लिहितोय. गिऱ्हाईक आलं की थांबणार.

स्क्रू म्हणजे मी. मोबाइल दुरुस्त करतो म्हणून ते नाव. बोका रंगारी आहे. लहानपणी कुणाच्याही भिंतीवरून कुणाच्याही घरात उतरायचा, म्हणून बोका. जास्त करून आमच्या मामाच्या घरात उतरायचा.

मामा म्हणजे आईचा भाऊ. गवंडी. लग्न केलं नाही. आई गेल्यावर मला आणि ताईला त्यानंच वाढवलं. घर त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं, तीन खोल्यांचं. पुढच्या दोन आधीच्या. मागची नंतर बांधली, ताई मोठी झाली, तिला तिची खोली पाहिजे म्हणून. तिथली जमीन भरावाची होती. ती नीट बसायला थांबायला पाहिजे होतं. मामा थांबला नाही. लोकांच्या भिंती सगळ्या ओळंब्यात, सरळसोट, आणि स्वतःच्या खोलीला खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत तिरकी भेग.

कुणी चिडवलं की म्हणायचा, "का? डॉक्टरला सर्दी होत नाही?"

पण ती भेग त्यानं कधी बुजवून टाकली नाही. तिच्यावर आडवी काच लावायचा. खिडकीच्या काचेची बोटभर पट्टी. एक टोक भेगेच्या अलीकडे सिमेंटमध्ये बसवायचं, दुसरं पलीकडे. शेजारी पेन्सिलीनं तारीख. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकणार. तडकली म्हणजे भेग जिवंत आहे. अख्खी राहिली तर मेली, मग खुशाल बुजवा, रंगवा. मी शाळेत असताना लावलेल्या दोन्ही काचा तुटल्या होत्या. तिसरी त्यानं आजारी पडायच्या आधी लावली. सिमेंट बसेपर्यंत पट्टी मी धरली होती.

बोक्याला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्याला पहिला ब्रश मामानंच आणून दिला. "जिवंत भेगेवर रंग मारणारा रंगारी आणि ताप असताना पावडर लावून फिरणारा माणूस, दोघं सारखेच," हे मामाचं वाक्य बोका आजही गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून ऐकवतो.

मामा पाच महिने अंथरुणाला खिळून होता. केलं सगळं ताईनं. मी औषधं आणायचो आणि घाबरायचो. तो गेला. घर आम्हा दोघांच्या नावावर झालं आणि ताई म्हणाली, विकू. तिचं बरोबर होतं. ती, दाजी, दोन पोरं, सासू-सासरे, सगळे दीड खोलीत. मलाही दुकान पाहिजे होतं, स्वतःचं, हे दुसऱ्याच्या जिन्याखालचं नाही. खरं सांगतो, मला तिच्यापेक्षा जास्त घाई होती.

घर साफ करताना मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर तिसरी काच अख्खी. मला इतका आनंद झाला की फोटो काढून बोक्याला पाठवला. त्याचा लगेच फोन. "मेली रे भेग! मामा जिंकला! आता बघ कशी भिंत करून देतो, नवरीसारखी."

ही दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट.

मग घर बघायला सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या नर्स. म्हातारे वडील आणि त्या, दोघंच. त्यांना घर आवडलं. रंग झाला की व्यवहार करू म्हणाल्या.

रंगाच्या आदल्या दिवशी मी खोली झाडायला गेलो. काच तुटलेली. बरोबर मधे, भेग जाते तिथं.

थांबा, एक गिऱ्हाईक आलंय.

हां. तर काच. मी स्वतःला काय काय सांगितलं ते लिहितो. कपाट सरकवताना धक्का लागला असेल. पण कपाट आधीच सरकवलेलं, अख्ख्या काचेचा फोटो त्यानंतरचा. मग म्हटलं, मांजर असेल. छातीएवढ्या उंचीवर, सिमेंटमध्ये बसवलेली काच मांजर कशी फोडेल? पण मी त्या मांजरावर पाच मिनिटं विश्वास ठेवला. मग ताईला फोन केला. काचेचं बोललोच नाही, नुसतं म्हटलं, "मागच्या भिंतीत अजून काही निघालं तर?"

"तू काही काढू नकोस म्हणजे काही निघणार नाही," ताई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. रंग मारून घे आणि विषय संपव. मी नव्या घराच्या खिडक्यांची मापं घेऊन आलेय, पडद्यांसाठी."

पडद्यांचं ऐकलं आणि मी मामाच्या पिशवीतली छिन्नी काढली. तिन्ही काचा उखडल्या. जुन्या दोन फेकल्या. तिसरीचे दोन तुकडे फेकवेनात. दुकानात आणून बारीक स्क्रूंच्या डब्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी बोका शिडी घेऊन हजर.

"काच कुठाय?"

"काढून ठेवली. तुझ्या रंगाच्या मधे आली असती."

"अख्खी निघाली?"

"अख्खी."

एवढंच. एका शब्दाचं काम होतं. त्यानं परत विचारलं नाही. त्याच्या मोबाइलवर फोटो होता ना. भेग भरली, पुट्टीचे दोन हात दिले, घासली, रंग दिला. चार दिवस. मजुरी घ्यायला तयार नाही. "मामाच्या घराचे पैसे घेऊ? चल, निघ."

चौथ्या दिवशी सिस्टर आल्या, वडिलांना घेऊन. म्हातारे मागच्या खोलीत खिडकीपाशी उन्हात जे उभे राहिले ते हलेनात. "माझी खाट इथं," म्हणाले. बरोबर त्या भिंतीला लागून.

सिस्टरनी मला नाही विचारलं. विकणाऱ्याला कोण विचारतं? बोका ब्रश धूत होता, त्याला विचारलं. "दादा, तुम्ही भिंती बघता रोज. तुम्ही घेतलं असतं का हे घर?"

बोका उठून उभा राहिला. हात पँटला पुसले. "सिस्टर, इथं भेग होती, खोटं कशाला बोलू. पण मामांनी त्यावर काच लावली होती. ती अख्खी निघाली. भिंत हलत नाही. झोपवा बाबांना बिनधास्त. माझा शब्द."

मी बाजूलाच उभा होतो. मी हसलो. म्हाताऱ्यांनी भिंतीवर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

तिथंच सगळं संपलं असतं. सही उद्या अकराला आहे. पण परवा बोका दुकानात आला, एवढा मोठा माणूस, आणि पोरासारखा पायानं पाय खाजवत म्हणाला, "स्क्रू, एक मागू? मामाची ती शेवटची काच मला दे. मामाची आठवण म्हणून. रंगाच्या पेटीत ठेवीन."

डबा त्याच्या हातापासून वीतभर लांब होता.

"घरी आहे. देतो," म्हटलं.

खरं सांगायची संधी पुन्हा आली होती. मी काय केलं? मोबाइलवाला आहे ना मी. जुना पार्ट नसेल तर दुसरा बसवून देतो, गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. मामाच्या घरी गेलो. एका जुन्या फोटोफ्रेमची काच काढली. काच कापायच्या मामाच्याच हिरकणीनं पट्टी कापली, ती कशी चालवायची हेही त्यानंच शिकवलेलं. टोकांना काहीतरी चिकटलेलं दिसायला पाहिजे, नाहीतर नवी वाटेल. सिमेंट नव्हतं घरात. कोपऱ्यात बोक्याच्या बादलीत तळाला पुट्टी उरली होती. ती टोकांना थापली, वाळवली, वर धूळ चोळली. झकास झाली. मला माझाच अभिमान वाटला, हे लिहायलाच पाहिजे का? लिहिलं.

आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्याला दिली. कागदात गुंडाळून.

त्यानं कागद उलगडला. काच उजेडात धरली. हसला. मग अंगठा टोकावरून फिरवला आणि हसू तसंच राहिलं, पण डोळे थांबले. नखानं खरवडलं. वरची धूळ गेली. खाली पांढरं शुभ्र.

"हे काय आहे?"

"सिमेंट... मामानं..."

"स्क्रू, मी दहा वर्षं हेच खरवडतोय. ही पुट्टी आहे. माझी पुट्टी. ही बादली मामा गेल्यावर त्या घरात आली."

मी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, परत ठेवला.

"खरी कुठाय?"

मी डबा पुढं केला. त्यानं स्क्रू बाजूला केले, दोन्ही तुकडे काढले, टेबलावर एकमेकांना लावले. बरोबर जुळले. टोकांना करडं सिमेंट.

"कधी तुटली?"

"रंगाच्या आदल्या दिवशी."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला.

"म्हणजे दोन महिन्यांत हलली," तो म्हणाला. "पडेलच असं नाही. पण पाया उकरून बघावा लागेल. आणि मी त्या म्हाताऱ्याला तिथं झोपवतोय. माझा शब्द म्हणून. तू शेजारी उभा होतास ना रे?"

"होतो."

"मला तोंडघशी पाडलंस, ते एक वेळ सोड. मामाच्या काचेला खोटं बोलायला लावलंस. त्या माणसानं एवढ्या वर्षांत स्वतःची चूक झाकली नाही, तारखा टाकून भिंतीवर लावून ठेवली. आणि तू..."

"ताईच्या घराचं सगळं ठरलंय, बोक्या. पडद्यांची मापं..."

"पडदा तू टाकलास. ताईला मधे आणू नकोस. तिला काचेचं माहीत आहे?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, सांगतो, सिस्टरना सांगतो, आजच. तेव्हा तो म्हणाला ते तोंडाचं, वर लिहिलंय ते. तुझं 'अख्खी' पण तोंडाचंच होतं म्हणाला. लिही, सगळं, मांजरासकट. आणि गेला. खरी काच टेबलावर ठेवून गेला. खोटी घेऊन गेला. ती त्याला कशाला पाहिजे, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मघाशी ताईला फोन केला. सगळं सांगितलं. तिकडून पोरांचा दंगा ऐकू येत होता.

"विचारायला फोन केलास की सांगायला?"

"सांगायला."

"पाच महिने मी त्याचं हगणंमुतणं काढलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हा तू कुठं होतास, हरिश्चंद्रा?"

तिनं फोन ठेवला. अर्ध्या तासानं मेसेज आला: 'सही माझीपण लागते. दहाला येते.' भांडायला येते की सोबत उभी राहायला, माहीत नाही. सिस्टर घर घेतील की नाही, तेही नाही. भाव पाडतील, की तोंडावर थुंकतील, की पाया बघून घेतील. दुकान तर गेलंच समज. जिन्याखाली बसून लिहितोय आणि वरून कुणाच्या तरी चपला चढतायत, रोजच्यासारख्या.

तर बोक्या, हे तुला पाठवतोय. मांजरासकट.

उद्या दहा वाजता मी सिस्टरना आणि त्यांच्या वडिलांना मागच्या खोलीत नेईन. ताई काहीही बोलली तरी नेईन. तू खरवडायचा पत्रा घेऊन ये आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून रंग खरवडायला घे. दोन्ही तुकडे मी त्यांच्या हातावर ठेवीन आणि सांगेन की रंगाऱ्याचा शब्द खरा होता, खोटा मी होतो. पेन्सिलीनं उद्याची तारीख टाकून तिथं नवी काच मीच लावीन, सिमेंटमध्ये. घर विकलं गेलं नाही तरी लावीन. आणि बोलताना माझी जीभ अडखळली, तर हा मोबाइल त्यांच्या हातात देईन, हेच पान उघडून, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत त्या भिंतीपाशी उभा राहीन. हलणार नाही.